गरोदर बाई माहेरी जाते, फडावर जाते. तिचा आहार मात्र नोंदणीच्या गावातच राहतो

येरळाकाठ

खटाव तालुक्यात आशांची (गावपातळीवरच्या आरोग्य स्वयंसेविकांची) गटप्रवर्तक म्हणून काम करते. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय मांडते आहे, जरा लांबण लागेल.

मातामृत्यूंचा विषय निघाला की आपण ॲम्ब्युलन्स, सिझेरियनची सोय, रक्तपेढी, रिकामी पदं यांवर बोलतो. ते बोलायलाच हवं. पण बाई कळा द्यायला टेबलावर पोचते तेव्हा तिच्या अंगात रक्त किती असणार, हे त्याआधीच्या सहा-सात महिन्यांत ठरून गेलेलं असतं. ते ठरतं चुलीपाशी, अंगणवाडीत आणि लोहाच्या लाल गोळीच्या पाकिटात.

महाराष्ट्राचं चित्र वरून बरं दिसतं. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ मातामृत्यू होते आणि महाराष्ट्रात ३३. त्यात केरळनंतर आपलाच नंबर होता. पण त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता. म्हणजे आपण मरणं कमी केली ती मुख्यतः दवाखान्याच्या जोरावर. बायका अजूनही फिक्कट अंगानंच बाळंत होतायत आणि दवाखाना लांब पडला की तिथंच घात होतो.

योजना नाहीत असंही नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्रत्येक गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर सहा महिने तिला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला आहे. दिवसाला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं, असं त्या कायद्यातलं मूळ माप. चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. कॅल्शियमच्या गोळ्या, जंताची गोळी, दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरी तपासणी, मातृवंदना योजनेचे पैसे. कागदावर एकही महिना रिकामा नाही.

गोम अशी की हे सगळं गावाच्या रजिस्टरला बांधलेलं आहे आणि आपल्याकडची गरोदर बाई एका गावात थांबत नाही. पहिलटकरीण सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जाते. माण, जत, आटपाडीकडची गरिबाघरची बाई कोयत्याबरोबर ऊसतोडीच्या फडावर जाते. मराठवाड्यातली बाई आपल्या कृष्णाकाठी ऊस तोडायला येते. आहाराची सगळ्यात जास्त गरज असते त्याच महिन्यांत तिचं नाव एका गावात असतं आणि पोट दुसऱ्या गावात. माझं म्हणणं एवढंच, की आहार बाईच्या मागं फिरला पाहिजे. तुमच्याकडं काय दिसतं ते लिहा.

डॉ. कृष्णाकाठ

सांगलीत स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. येरळाकाठताईंच्या पहिल्या मुद्द्याला वैद्यकीय बाजू जोडतो.

माता दगावण्याच्या कारणांत बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव वरच्या जागी आहे. पाचशे मिलिलिटर रक्त गेलं की आम्ही त्याला अतिरक्तस्राव म्हणतो. ज्या बाईचं एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) बारा आहे ती एवढं रक्त सहन करते, चार दिवसांत घरी जाते. ज्या बाईचं साडेसहा आहे तिचं हृदय आधीच जादा काम करत असतं. तिला तेवढ्याच रक्तस्रावात धाप लागते, बीपी पडतो. शिवाय तीव्र रक्तक्षय असलेल्या बायकांमध्ये रक्तस्राव होण्याची शक्यताही जास्त दिसते. म्हणजे दोन्हीकडून मार. उपचार न मिळाले तर अशी बाई दोनेक तासांत जाऊ शकते. आता जत तालुक्याच्या पूर्व टोकाच्या गावातून मिरजेला यायला किती वेळ लागतो ते अनिकेतदादा सांगतील.

दुसरं, बीपी वाढून येणारे झटके. जिथं जेवणात कॅल्शियम कमी पडतं तिथं गरोदरपणात ते दिलं तर या आजाराचा धोका ठळकपणे उतरतो. बंगळूरला आणि टांझानियात प्रत्येकी अकरा हजार गरोदर बायकांवर चाचण्या झाल्या, निष्कर्ष २०२४ साली आले. रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम या बाबतीत १५०० च्या तोडीस तोड ठरलं. म्हणजे एवढी साधी, स्वस्त गोळीही काम करते. ती बाईच्या हातात पडायला हवी, इतकंच.

एक सावधगिरीही नोंदवतो. नुसत्या आहारवाटपानं मातामृत्यू किती घटतात हे थेट आकड्यांत दाखवणं अवघड असतं. पूरक आहाराचा सगळ्यात पक्का पुरावा बाळाचं वजन आणि मृतजन्म याबाबतीत आहे. आईच्या बाबतीत साखळी लांब आहे: आहार, एचबी, रक्तस्राव सोसण्याची ताकद, जंतुसंसर्गाशी झुंज. पण प्रत्येक कडी आम्ही वॉर्डात रोज डोळ्यांनी पाहतो. मृत्यूच्या कागदावर कारणाच्या रकान्यात ‘अतिरक्तस्राव’ लिहिलं जातं. सहा महिने ती काय जेवली, याला तिथं जागा नसते.

निवृत्त मास्तर

विषय कळकळीचा आहे, पण मला एक प्रश्न पडतो. गरोदर सुनेला खाऊ घालणं ही घराची जबाबदारी नाही का? आपला जिल्हा काही दुष्काळी नाही सगळा. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात घरात दूधदुभतं आहे, भाजीपाला आहे. सरकारनं पाकिटं वाटत बसावं का? त्यापेक्षा लोकांना आहाराचं ज्ञान द्यावं. आमच्या आईच्या काळी कुठं होत्या योजना?

येरळाकाठ

मास्तर, तुमच्या आईच्या काळी किती बायका बाळंतपणात गेल्या, हे घरोघरच्या जुन्या माणसांना विचारा. बहुतेक घरांत एखादी आजी, आत्या, चुलती ‘बाळंतपणात गेली’ म्हणून सांगतात.

घरच्या जबाबदारीबद्दल मी गृहभेटीत पाहिलेलं सांगते. दारात दोन म्हशी. सकाळी डेअरीला सात लिटर दूध. सून पाच महिन्यांची गरोदर, एचबी ८.९. तिला दूध किती मिळतं? चहात पडतं तेवढं. घर वाईट नव्हतं, सासू प्रेमळ होती. पण दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं आणि त्यावर पेंड, सोसायटीचा हप्ता, धाकट्याची फी असं सगळं चालतं. सुनेचं जेवण शेवटी, सगळ्यांची ताटं झाल्यावर. कालवण संपलं असेल तर चटणी-भाकरी. घरात दूध असणं वेगळं आणि ते सुनेच्या पेल्यात पडणं वेगळं.

वर अजून एक समज: बाईनं जास्त खाल्लं की बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अडतं. आठव्या-नवव्या महिन्यात मुद्दाम जेवण कमी करणाऱ्या बायका मी पाहते. खरं तर गरोदरपणात रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात आणि अंगावर पाजताना पहिले सहा महिने ६००. ज्ञान द्यायलाच हवं, आम्ही देतोच. पण ज्या घरी पैशाचं गणित असं आहे तिथं बाईच्या नावानं आलेली वस्तू तिच्या बाजूनं उभी राहते. ‘हे सरकारनं तुझ्यासाठी दिलंय’ म्हटलं की सासूही ऐकते.

सेविकाताई

मी अंगणवाडी सेविका. वीस वर्षांवर नोकरी झाली.

मास्तर, बाईच्या आहाराला दिवसाला साडेनऊ रुपये हा दर २०१७ साली ठरला. आज बाजारात एक अंडं सहा-सात रुपयांना. उरलेल्या पैशात काय बसवायचं ते तुम्हीच सांगा.

पूर्वी टीएचआरमध्ये, म्हणजे घरी न्यायच्या आहारात, गहू, मूग, मसूर, हरभरा, तिखट, हळद असं कोरडं धान्य यायचं. बायका ते आवडीनं न्यायच्या. घरात सगळ्यांच्यात मिसळून जायचं हे खरं, पण डाळ शिजायची तरी. मग प्रिमिक्सची पाकिटं आली. पाण्यात शिजवून खायची. आमच्या इथल्या बायकांना ती चव लागत नाही. गोड आवडत नाही म्हणून ठेवून देतात, मग पोरं खातात नाहीतर जनावराच्या आंबोणात जातं. मी स्वतः सुनांना त्या पिठात थोडं बाजरीचं पीठ, मेथी, तीळ घालून धपाटी करायला शिकवली, तेव्हा चार घरी खपायला लागलं. आमच्यासारख्यांना कुणी चव विचारली असती तर पाकीट असं आलं नसतं. सर्वोच्च न्यायालयानं २००४ सालीच सांगितलं होतं की आहाराला ठेकेदार नको, बचत गटांकडून करून घ्या. गावचा गट करेल तर गावच्या तोंडाला लागेल असंच करेल.

आता माहेरच्या मुद्द्याबद्दल. ताईंनी दुखणं बरोबर धरलं. टीएचआर देताना आता मोबाईलवर बाईचा चेहरा जुळवावा लागतो. बाई समोर पाहिजे. एका दृष्टीनं बरं झालं, परस्पर वाटप दाखवणं बंद. पण बाई माहेरी कवठेमहांकाळला आणि नाव माझ्याकडं, तर तिचा वाटा मी कुणाला देऊ? पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीच्या नोंदींच्या मोबाईल ॲपमध्ये) स्थलांतराची सोय आहे. इकडून नाव सोडायचं, तिकडच्या सेविकेनं घ्यायचं. ज्या सेविकेला फोन करायचा तिचा नंबर मात्र बाईला माहीत नसतो आणि मलाही. तिकडं गेल्यावर ‘दोन महिन्यांसाठी कशाला नाव बदलायचं’ म्हणून घरचेच टाळतात. आणि बाळंत होऊन सव्वा महिना, कधी तीन महिने ती तिकडंच राहते. म्हणजे शेवटची तिमाही आणि पहिले तीन महिने असा सगळा मोक्याचा काळ कोरडा.

शुभा पाटणकर

सेविकाताई, माझ्या बाबतीत अगदी हेच झालं. सासर कराडजवळ, माहेर पाटण तालुक्यात कोयनेच्या वरच्या अंगाला, वाडीत. सातव्या महिन्यात गेले तेव्हा गोळ्या संपत आल्या होत्या. तिथल्या उपकेंद्रावरच्या सिस्टर चांगल्या, पण पावसात वाडीपासून तिथंवर जाणं म्हणजे अर्धा दिवस. त्या म्हणाल्या, कार्ड दाखवा. कार्ड सासरी राहिलेलं. नवीन नोंद झाली, पण आधीचं एचबी किती होतं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का, काहीच त्यांच्यासमोर नव्हतं.

बाळंतपणानंतरचं कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. आमच्याकडं बाळंतिणीला पंधरा दिवस मऊ भात, तूप, खारीक-डिंक. पालेभाजी बंद, कडधान्य बंद, पाणीसुद्धा मोजून. आईची माया होती त्यात, पण लाल गोळीही ‘उष्ण पडते, दूध आटतं’ म्हणून बाजूला ठेवली. पुन्हा १८० गोळ्या घ्यायच्या असतात हे मला बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर कळलं.

डॉ. कृष्णाकाठ

शुभाताई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. मातामृत्यूच्या व्याख्येत बाळंतपणानंतरचे ४२ दिवस धरतात ते उगीच नाही. बाळंतीण आठव्या-दहाव्या दिवशी ताप घेऊन येते, जंतुसंसर्ग रक्तात उतरलेला असतो आणि अशक्त शरीर तो पेलत नाही. लाल गोळीनं दूध आटत नाही. शौचाला काळं होतं, मळमळतं, त्यानं घाबरू नये. रिकाम्या पोटी सोसत नसेल तर जेवणानंतर घ्या, पण चहाबरोबर नको, तासभर आधी-नंतर अंतर ठेवा. लिंबू पिळलेलं काही सोबत असेल तर उत्तम. आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर कधीच नको. दोन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवा. दोन्ही एकदम गिळल्या तर लोह नीट अंगी लागत नाही. दोन्ही पाकिटं एकत्र हातात देताना हे एक वाक्य सांगायचं राहतं.

अनिकेत, जत

डॉक्टरांनी विचारलं म्हणून सांगतो. आमच्याकडून मिरजेला दोन तास धरा, रस्ता आणि गाडी दोन्ही धड असेल तर. म्हणून आमच्या बायकांचं रक्त आधीच भरलेलं असणं ही आमच्यासाठी चैन नाही. वाटेत दुसरं काही हाताशी नसतं.

आता एक गोष्ट सीमेवरच्या लोकांनाच दिसते. आमच्या शिवेपलीकडं विजयपूर जिल्हा. कर्नाटकानं २ ऑक्टोबर २०१७ ला मातृपूर्ण योजना सुरू केली: गरोदर आणि बाळंत बाईला अंगणवाडीत दुपारचं गरम जेवण, अंडं, दूध. आमच्या घराघरांतल्या मुली पलीकडं दिलेल्या आहेत आणि तिकडच्या सुना इकडं आहेत. एकाच आईच्या दोन लेकी. एकीला गरम जेवणाची योजना, दुसरीला प्रिमिक्सचं पाकीट. पाण्यासाठी आमच्या गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली होती ते सगळ्यांना ठाऊक आहे. जेवणाबद्दल कुणी आवाज काढला नाही, कारण जेवण बायकांचं.

महाराष्ट्रात गरम जेवणाची योजना नाही असं नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. भाकरी, भात, डाळ, उसळ, पालेभाजी, अंडं. पण ती आदिवासी क्षेत्रासाठी, आणि सांगली-सातारा अनुसूचित क्षेत्रात येत नाहीत. नंदुरबार-गडचिरोलीला ती हवीच, त्यांच्या तोंडचं काढून द्या असं मी म्हणणार नाही. पण जत, आटपाडी, माण, खटाव हे दुष्काळी पट्टे आणि जावळी-पाटणच्या डोंगरातल्या वाड्या यांच्यापुरती तरी तीच थाळी का मिळू नये?

सेविकाताई

अनिकेतदादा, मागणी बरोबर. पण एक अडचण आधीच सांगते. रोज दुपारी अंगणवाडीत येऊन जेवणं बायकांना जमतं का? खुरपणीला गेलेली बाई बारा वाजता वाडीवरून गावात येईल का? कर्नाटकातही याच कारणानं बायका कमी येतात असं ऐकायला मिळालं. डब्यात घालून शेतावर पोचवायची तयारी ठेवली तर चालेल. शिवाय शिजवायला मदतनीस एकटी, गॅसचं बिल वेळेवर नाही. पैसे आधी आणि थाळी मग, असं झालं पाहिजे.

फडावरचा

एका साखर कारखान्याकडं चिटबॉय आहे, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्यांची नोंद ठेवतो. हा धागा बायकोनं वाचायला दिला.

तुम्ही फडावरच्या बायकांचं लिहिलं म्हणून मी जे रोज बघतो ते सांगतो. पहाटे तीन-चारला टोळी उठते. बाई भाकरी थापते, तिखट आणि कधी वांगं-बटाटा, तेच दुपारी फडात. तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. पोटुशी बाईही यातच. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. तिनं खाडा केला तर उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटत नाही, मुकादम हिशेबात धरतो. म्हणून ती दवाखान्यात जायचं टाळते, आणि गोळी घेतल्यावर मळमळतं म्हणून गोळी टाळते. खोपीच्या कुडाला पिशवी अडकवलेली असते, तिच्यात गेल्या गावच्या गोळ्या तशाच्या तशा दिसतात. बऱ्याच जणींना तर कार्डच नाही.

टोळी आठ-पंधरा दिवसांनी जागा बदलते. आज रेठऱ्याच्या बाजूला, उद्या वाळव्याच्या शिवारात. आशाताई यादी करून जाते आणि पुढच्या भेटीला खोप्याच उठलेल्या असतात.

पण आमच्याकडं यादी असते की! कुठली टोळी, मुकादम कोण, किती कोयते, आज कुणाच्या फडात, उद्या कुणाच्या. त्याशिवाय ऊस येईल कसा? कारखान्याला टोळी कुठं आहे ते रोज माहीत आणि दवाखान्याला ठाऊक नाही, हे मला आत्ता लिहिताना खटकलं.

येरळाकाठ

दादा, हा निरोप मी गेली कित्येक वर्षं शोधत होते!

आमच्या बाजूनं सगळ्यात अवघड काम तेच आहे, टोळी सापडणं. तुम्ही म्हणता ती यादी आठवड्यातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि त्या शिवारातल्या अंगणवाडीला मिळाली तर बाकीचं आम्ही करू. आहारावर तिचा हक्क आहेच. बीडची असो की माणची, ज्या गावात ती आज आहे तिथल्या अंगणवाडीत तिचं नाव घेता येतं. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं धोरण आहे. त्यातून हंगामापुरती खोप्यांवर डबा पोचवणारी एक गाडी आणि एक मदतनीस उभी राहू शकते. प्रिमिक्स त्यांना उपयोगाचं नाही, शिजवायला वेळ कुठला? शेंगदाणा-गूळ-तिळाचे लाडू, उकडलेली अंडी, फुटाणे, केळी, असं हातात धरून खाता येईल ते द्यावं. ज्यांचं एचबी सातच्या खाली आहे त्यांना गोळीनं भागणार नाही.

डॉ. कृष्णाकाठ

बरोबर. सातच्या खाली म्हणजे दवाखान्यातच उपचार. आठ-नऊ आहे, महिने भरत आलेत आणि गोळी घेतलीच जात नाही, तिथं शिरेतून लोह देता येतं. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज नावाचं औषध एका बैठकीत बरंच लोह देऊन जातं, म्हणजे फिरत्या बाईसाठी तेच सोयीचं. ते सलाईन लावण्याची सोय जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आहे का, ही चौकशी हंगामाआधीच व्हावी.

मागच्या हंगामात टोळीतली एक बाई माझ्याकडं आणली होती. आठवा महिना, तळहात अगदी पांढरे, एचबी ५.८. रक्त मिळालं, पुढं बाळंतपण नीट झालं. तिला मी विचारलं, दिवसभरात काय खाता? म्हणाली, ‘भाकरी. आन चा.’ दिवसातून पाच-सहा वेळा चहा, कारण भूक मरते. लोहाची गोळी दिली असती तरी त्या चहानं तिचा उपयोग अर्धा केला असता.

निवृत्त मास्तर

म्हशीच्या दुधाचं वाचून माझ्याच गल्लीतली घरं डोळ्यांसमोर आली. माझं म्हणणं मी मागं घेत नाही, घराची जबाबदारी आहेच. पण ती पार पाडायला घराला हात द्यावा लागतो हे पटलं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात. आमच्याकडं ते दरवर्षी कुठल्यातरी साहित्यखरेदीत जातात. येत्या ग्रामसभेत मी मांडणार आहे की त्यातून गावातल्या गरोदर आणि बाळंत बायकांना अंडी किंवा शेंगदाण्याचे लाडू द्यावेत, आणि ते बचत गटानं करावेत. माहेरपणाला आलेल्या लेकीही त्यात धराव्यात. ठरावाचा मसुदा कुणी तपासून देईल का?

सेविकाताई

मास्तर, मी देते. बाजरीसाठी एक ओळ घाला. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून आलेलं ‘धनशक्ती’ वाण लोहानं चांगलं आहे, आपल्या कोरडवाहू रानात येतं. गटानं तीच बाजरी घेतली तर लाडूत आणि भाकरीत दोन्हीकडं कामाला येईल.

आणि माहेरी जाणाऱ्यांसाठी मी आमच्या बीटात (आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटात) सुरू करते आहे ते सांगते. ओटीभरणाला आम्ही अंगणवाडीत बोलावतोच. त्याच दिवशी तिच्याकडून माहेरचं गाव आणि तिथल्या सेविकेचा नंबर घ्यायचा, तिच्यासमोरच फोन लावायचा आणि ट्रॅकरमधून नाव सोडायचं. दोन महिन्यांच्या गोळ्या पिशवीत, माता-बाल कार्ड आणि आधारची झेरॉक्स त्याच पिशवीत. घरी जाऊन मग बघू म्हटलं की राहून जातं.

फडावरचा

ताई, आमच्या शेतकी ऑफिसात बोललो. यादी द्यायला हरकत नाही म्हणाले, पण आरोग्य केंद्राचं पत्र पाहिजे. टोळीच्या नोंदवहीत पोटुशी बायकांचा आणि दोन वर्षांखालच्या पोरांचा रकाना वाढवायला मी तयार आहे. तेवढं विचारायची जबाबदारी मुकादमावर टाकू नका, तो लपवेल. टोळीतल्या एखाद्या जाणत्या बाईला विचारायचं, ती खरं सांगते. पत्र कुणाच्या सहीचं लागेल ते कळवा.

येरळाकाठ

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र आणते. त्यात दोन गोष्टी लिहून घेते: यादी दर सोमवारी, आणि टोळी शिवार सोडताना पुढचं गाव कुठलं ते. पुढच्या गावच्या आशेला मी निरोप देईन. वाळवा, पलूस, कराड भागातलं कुणी आशा किंवा सेविका हा धागा वाचत असेल तर इथंच हात वर करा, म्हणजे साखळी कुठं तुटते ते आत्ताच दिसेल.